टोकियोत दोघांसाठी भाड्याचं घर: हमीदार, रेइकिन, यूआर आणि मिळणारे नकार

केतकीपान

नमस्कार मंडळी,

टोकियोत नोकरीला लागून थोडेच दिवस झालेत. सध्या कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या खोलीत राहते आहे, तिची मुदत संपत आली. नवरा पुढच्या महिन्यात येतोय. त्याचा व्हिसा माझ्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयाचा आहे. वेगळी परवानगी काढली तर त्याला आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येईल, पण आधी भाषा जमायला हवी. म्हणजे निदान वर्षभर घर एका पगारावर चालणार. ऑफिस ओतेमाचीला आहे आणि भाडं १,२०,००० येनच्या आत बसवायचं आहे.

अडचण अशी की फुदोसानच्या, म्हणजे घरदलालाच्या, दुकानात गेलं की एजंट अगदी अदबीने बसवतो, चहा देतो, घरं दाखवतो. मी एखादं घर निवडलं की तो व्यवस्थापन कंपनीला फोन लावतो आणि पहिलंच वाक्य असतं, 'ग्राहक परदेशी आहेत'. पलीकडून काहीतरी बोलणं होतं, हा फोनवरच वाकून वाकून माफी मागतो, फोन ठेवतो आणि माझ्याकडे बघून मान हलवतो. माझा पगार किती, मी काय काम करते, हे कुणी विचारलेलंही नसतं. हे फार लागतं मनाला.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, यातून मार्ग कसा काढायचा? आणि दुसरी, दोघांपैकी एकानेच आधी येऊन घर ठरवायचं असेल तर काय काय बघून ठरवावं? तो फक्त फोनवरून फोटो बघू शकतोय.

दूरदेशी

केतकीपान, टोकियोत स्वागत. आम्हीही दोघं असेच आलो होतो, त्यामुळे तुमचं लिहिणं अगदी ओळखीचं वाटलं.

हे फक्त तुमच्याच वाट्याला आलेलं नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची एक मोठी पाहणी केली होती, तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. आधीच्या पाच वर्षांत ज्यांनी घर शोधलं होतं, त्यांच्यातल्या साधारण ३९ टक्के लोकांना परदेशी असल्याचं कारण सांगून नकार मिळाला होता. जपानी हमीदार नाही म्हणून नकार मिळालेले ४१ टक्क्यांच्या आसपास होते. तेव्हा त्या फोननंतरचं मान हलवणं मनाला लावून घेऊ नका.

आता पैशांचं. खाजगी घराला सुरुवातीलाच किती लागतात हे माहीत नसेल तर ऐनवेळी फार ओढाताण होते. १,२०,००० भाड्याचं घर धरा. शिकिकिन, म्हणजे अनामत, एक महिना: १,२०,०००. रेइकिन, ही मालकाला द्यायची आणि परत न मिळणारी रक्कम, एक महिना: १,२०,०००. दलाली एक महिना आणि वर १० टक्के कर: १,३२,०००. पहिल्या महिन्याचं भाडं १,२०,०००. हमी देणाऱ्या कंपनीचं शुल्क बहुतेकदा महिन्याच्या भाड्याच्या निम्मं, म्हणजे ६०,०००. घराचा आगीचा विमा दोन वर्षांचा साधारण २०,०००, कुलूप बदलायचे २२,००० च्या आसपास. बेरीज ५,९४,०००. म्हणजे जवळपास पाच महिन्यांचं भाडं चाव्या हातात यायच्या आधीच जातं. वर काही ठिकाणी साफसफाईचेही आधीच घेतात.

शिवाय टोकियोच्या बाजूला दर दोन वर्षांनी करार नवा करताना एक महिन्याचं भाडं 'नूतनीकरण शुल्क' म्हणून देण्याची पद्धत आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अवाजवी नसेल तर वैध ठरवलं, त्यामुळे त्यावर वाद घालून उपयोग नाही. घर निवडतानाच विचारा आणि हिशेबात धरा.

निळीशाई

दलालीबद्दल एक भर घालते, कारण हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. भाडेकरूकडून एका महिन्याच्या भाड्याहून जास्त दलाली घेता येत नाही, कर वेगळा. राहत्या घरासाठी मूळ नियम तर अर्ध्या महिन्याचाच आहे. पूर्ण महिना घ्यायचा तर दलालाने तुमची संमती आधी घ्यायला हवी. २०२० मध्ये टोकियो उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर भाडेकरूच्या बाजूने निकाल दिला आणि जास्तीचे पैसे परत करायला लावले. प्रत्यक्षात अर्जाच्या कागदातच संमतीची ओळ असते, म्हणून सही करण्याआधी नम्रपणे विचारून बघा. कमी करतीलच असं नाही, पण विचारण्यात गैर काही नाही.

नकाराबद्दल. कायदा अगदीच मुका आहे असं नाही. २००७ साली क्योतो जिल्हा न्यायालयाने एका कोरियन नागरिक महिलेला राष्ट्रीयत्वावरून घर नाकारणाऱ्या मालकाला ११ लाख येन भरपाई द्यायला लावली होती. पण तात्पुरती खोली सोडायची तारीख जवळ आलेल्या माणसाला कोर्टाचा रस्ता सुचवणं योग्य नाही, हेही मला कळतं. खाजगी मालकांना भेदभाव करायला थेट मनाई करणारा आणि शिक्षा देणारा सर्वसाधारण कायदा इथे नाही, त्यामुळे रोजच्या व्यवहारात नकार चालूच राहतो. मला त्याचा मनापासून राग येतो आणि तो येणं मला योग्यच वाटतं.

तोझाई

ओतेमाची म्हणालात आणि यूआरचं नाव अजून कुणी घेतलं नाही!

यूआर म्हणजे सरकारी छत्राखालची घरबांधणी संस्था. १९५५ च्या गृहनिर्माण महामंडळाचा हा वारसा, आजच्या रूपात २००४ पासून. देशभरात सात लाखांच्या आसपास भाड्याची घरं आहेत. रेइकिन नाही, दलाली नाही, नूतनीकरण शुल्क नाही आणि हमीदारही लागत नाही. मध्यम आणि दीर्घ मुदतीचं वास्तव्यपत्र असलेल्या परदेशी लोकांना जपानी माणसाइतकाच हक्क. फोनवर 'परदेशी आहेत' हे वाक्यच येत नाही, कारण तिथे अर्ज नियमाने तपासतात. बसतोय की नाही, एवढंच.

दूरदेशींच्याच हिशेबात मांडतो. दोन महिन्यांची अनामत २,४०,००० आणि पहिल्या महिन्याचं भाडं, एकूण ३,६०,०००. त्यातली अनामत घर सोडताना दुरुस्तीचं काही असेल तर तेवढं वजा करून परत मिळते.

अट उत्पन्नाची. कुटुंबासाठी, भाडं ८२,५०० ते २ लाख येनच्या मधलं असेल तर महिन्याचं सरासरी उत्पन्न ३,३०,००० हवं. त्याखालच्या भाड्याला भाड्याच्या चौपट. उत्पन्न कमी पडत असेल तर भाड्याच्या शंभरपट बचत दाखवता येते, किंवा वर्षभराचं भाडं एकदम भरता येतं. नोकरी नवी असेल तर कंपनीकडून पगाराचा दाखला लागेल, तो आत्ताच मागून ठेवा.

मी एदोगावा प्रभागातल्या निशि-कासाइला राहतो. २००० च्या सुमाराला इथे भारतीय आयटीवाले यायला लागले. त्या वस्तीमागे दोन कारणं होती: हमीदार न मागणारी यूआरची घरं, आणि तोझाई ही मेट्रो लाइन. ओतेमाचीला गाडी न बदलता पोचता. आज एदोगावा प्रभागात इतके भारतीय आहेत की २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक प्रभाग परिषदेवर निवडून आले. तुमच्या नवऱ्याला आल्या आल्या बोलायला माणसं मिळतील, हे माझ्या मते सगळ्यात मोठं.

मृद्गंध

तोझाईंचं यूआरबद्दलचं सगळं पटलं. पण निशि-कासाइ सुचवताना पाण्याबद्दल बोलायलाच हवं, ते टाळून चालणार नाही.

एदोगावा प्रभाग अराकावा आणि एदोगावा नद्यांच्या मध्ये, खाली टोकियोचा उपसागर. प्रभागाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ च्या मे महिन्यात प्रभाग कार्यालयाने पुराचा जो नकाशा घरोघरी वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर आपल्याच प्रभागावर बोट ठेवून लिहिलं होतं, 'इथे थांबू नका'. मोठा पूर आला तर प्रभाग सोडून बाहेर जा, असा सरळ सल्ला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळ आलं तेव्हा लोकांना त्या ओळीचा अर्थ कळला.

वरचा मजला घेतला की झालं, असं अनेक जण म्हणतात. नाही होत. नकाशाप्रमाणे काही भागांत पाणी एक ते दोन आठवडे, त्याहूनही जास्त, साचून राहू शकतं. दहाव्या मजल्यावर तुम्ही कोरडे असाल, पण वीज नाही, पाणी नाही, संडास चालत नाही. नवख्या देशात, भाषा येत नसताना, नवरा घरी एकटा आणि तुम्ही ऑफिसात अडकलेल्या, असा प्रसंग डोळ्यांसमोर आणा आणि मग ठरवा.

तोझाई

मृद्गंध, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो सांगायला हवा होता असं तुम्हाला वाटणं रास्त आहे. एक तपशील मात्र जोडतो. त्याच नकाशात सेइशिनचो आणि रिन्काइचो हा समुद्रात भराव घालून केलेला दक्षिणेकडचा पट्टा आजूबाजूपेक्षा उंच आहे. नवी जमीन जुन्या जमिनीपेक्षा वर, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं. आणि यूआरच्या बऱ्याच इमारती सेइशिनचोतच आहेत. स्टेशनपासून चालायचं अंतर मात्र वाढतं.

मृद्गंध

हो, हे बरोबर आहे. म्हणूनच 'अमुक स्टेशन चांगलं, तमुक वाईट' असं न म्हणता इमारतीचा पत्ता घालून नकाशा बघावा. ऑगस्ट २०२० पासून एजंटला करारापूर्वी पुराच्या नकाशावर ते घर नेमकं कुठे आहे हे दाखवणं बंधनकारक आहे. पण ते शेवटच्या टप्प्यावर, सहीच्या दिवशी होतं. तोवर मन त्या घरात अडकलेलं असतं. आपणच आधी बघावं.

आणि भूकंप. १ जून १९८१ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून बांधकाम परवान्याला भूकंपरोधनाचे नवे निकष लागू झाले. परवान्याची तारीख महत्त्वाची, बांधून पूर्ण झाल्याची नाही. म्हणजे जाहिरातीत १९८२ लिहिलं असेल तरी इमारत जुन्या निकषांची असू शकते. लाकडी घरांसाठी २००० साली निकष आणखी कडक झाले. यूआरच्या जुन्या दांची, म्हणजे वसाहती, ७० च्या दशकातल्या असतात, पण त्यांच्या इमारतींच्या भूकंप तपासणीचे निकाल संस्थेच्या संकेतस्थळावर दिलेले असतात. इमारतीचं नाव घालून शोधा.

सातवामजला

केतकीपानताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कुणी वळलं नाही, आणि मला तोच मोठा वाटतो. मी त्या बाजूचा आहे. बायकोला नोकरी, मी तिच्या व्हिसावर आलेला.

घर शोधणारा माणूस स्वतःच्या ऑफिसपासून मोजायला लागतो. साहजिक आहे. पण तुम्ही त्या घरात जाग्या असाल सकाळी तासभर आणि रात्री थोडा वेळ. तुमचा नवरा तिथे दिवस काढणार आहे. सकाळी दहा वाजता त्या घरात ऊन येतं का? खिडकी उघडली तर समोर भिंत आहे की झाडं? खाली उतरल्यावर चालत जाण्याजोगं काय आहे? कुयाकुशो, म्हणजे प्रभाग कार्यालय, किती लांब? प्रभागातर्फे किंवा स्वयंसेवकांतर्फे चालणारे जपानीचे वर्ग किती लांब? ग्रंथालय? कपडे धुण्याच्या यंत्राची जागा घरात आहे की बाहेर गॅलरीत? असले प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण वर्षभर भाषेविना घरी बसणाऱ्याला तेच पुरे पडतात किंवा खायला उठतात.

आमचं पहिलं घर बायकोच्या ऑफिसच्या जवळ, मोठ्या रस्त्यावर, उत्तरेकडे तोंड असलेलं होतं. ती खुश होती, कारण तिचा प्रवास वाचत होता. मी मात्र हळूहळू बोलायचा थांबलो. भांडण झालं नाही, तक्रारही केली नाही, फक्त गप्प होत गेलो. तिला ते कळलं आणि तिनेच दुसरं घर शोधलं, स्वतःचा प्रवास वाढवून घेऊन. नव्या घराजवळ नदीकाठ होता आणि चालत जाण्याइतक्या अंतरावर भाषेचा वर्ग. त्या वर्गातल्या बाईंनी मला पहिलं काम मिळवून दिलं.

तेव्हा माझं म्हणणं: भाडं आणि स्टेशन तुम्ही ठरवा, पण घर त्याला ठरवू द्या. फोटो नकोत. घर बघायला जाल तेव्हा फोन चालू ठेवून त्याला सगळं फिरवून दाखवा. खिडकी उघडा, आवाज ऐकू द्या. खाली रस्त्यावर घेऊन जा. एजंटला आधी सांगितलंत की नवरा परदेशात आहे, तो फोनवरून बघतोय, तर कुणी हरकत घेत नाही.

दूरदेशी

सातवामजला, फार मोलाचं लिहिलंत.

केतकीपान

सातवामजला, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, 'मला ऊन हवंय, बाकी तू बघ'. इतके दिवस मी त्याला विचारत होते 'हे घर आवडलं का?' आणि तो 'छान आहे' म्हणत होता. मनापासून आभार.

अजून काही शंका. जाहिरातीत १के, १डीके, १एलडीके यातलं दोघांना काय पुरतं? आणि खाजगी घर पूर्ण सोडून द्यावं का? यूआरमध्ये माझ्या भाड्यात जी आहेत त्यातली बरीच लिफ्ट नसलेली पाच मजली आहेत.

निळीशाई

१के, म्हणजे एक खोली आणि छोटंसं स्वयंपाकघर, बघूच नका. जागा लहान असते हे एक, आणि दुसरं म्हणजे त्यातल्या अनेकांचे करार एकाच माणसासाठी असतात. जाहिरातीत 'दोघांना राहण्यास परवानगी' असं लिहिलेलं आहे का ते बघा. आत्ता एकटीच्या नावावर घेऊ, तो आला की राहील, असं अजिबात करू नका. तो करारभंग धरला जाऊ शकतो. सोबत राहणारा म्हणून त्याचं नाव, नातं आणि येण्याची तारीख अर्जातच लिहा. विवाहित जोडपं हे इथे मालकांना स्थिर भाडेकरू वाटतं, त्याचा तुम्हाला फायदाच होईल.

१डीके म्हणजे एक खोली आणि साडेचार ते आठ जोच्या (जो हे खोलीच्या क्षेत्रफळाचं माप) मधलं, जेवायला जागा असलेलं स्वयंपाकघर. १एलडीकेला ते आठ जो किंवा जास्त. जाहिरातीच्या नियमाप्रमाणे एक जो निदान १.६२ चौरस मीटर. आणि स्टेशनपासूनची मिनिटं ८० मीटरला एक मिनिट या दराने काढलेली असतात. त्यात चढ, सिग्नल आणि जिने धरलेले नसतात. 'चालत १० मिनिटं' म्हणजे ८०० मीटरपर्यंतचं अंतर, एवढंच समजायचं.

खाजगी घर सोडून देऊ नका. पण फोनवर पहिलं वाक्य काय जाईल ते तुम्ही ठरवा. जपानीत एका पानाची माहिती तयार करा: काताकानात (परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत) नाव, कंपनी, कामाचं स्वरूप, करार कायम आहे की मुदतीचा, वार्षिक उत्पन्न, कोण कोण राहणार, भाषा कितपत येते, आणि जपानी बोलणारी अशी व्यक्ती जिला अडचणीत फोन करता येईल. ऑफिसातल्या सहकाऱ्याची परवानगी काढून त्यांचं नाव द्या. मग एजंटला सांगा, फोनवर आधी हे वाचा. मी पाहिलंय, मालकांची भीती बहुतेकदा एवढीच असते की नळ फुटला, कचरा चुकीच्या दिवशी टाकला, तर या माणसाशी बोलायचं कसं. त्याचं उत्तर आधीच हातात दिलं की सगळे नाही, पण काही दरवाजे उघडतात.

ओसाकाकर

हमीदाराबद्दल: कंपनीतल्या वरिष्ठांना 'तुम्ही हमीदार व्हाल का' असं विचारण्याआधी एक लक्षात घ्या. १ एप्रिल २०२० पासून वैयक्तिक हमीदाराच्या करारात त्याच्यावर जास्तीत जास्त किती रकमेची जबाबदारी येईल तो आकडा लिहिलेला असावाच लागतो, नाहीतर हमी बाद. तो आकडा बघून भली माणसंही मागे सरतात आणि नंतर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. हमी देणाऱ्या कंपनीला पैसे द्यावेत, माणसाला या ओझ्यात घालू नये असं माझं मत. मात्र ती कंपनी खात्री करायला तुम्हाला फोन करते, बहुधा जपानीतच. इंग्रजीत बोलणारं कुणी आहे का हे एजंटकडून आधीच काढून घ्या.

आमच्याकडे ओसाकात नूतनीकरण शुल्क सहसा नसतं, पण अनामतीतली ठरावीक रक्कम परत न देण्याची पद्धत अजून काही करारांत दिसते. टोकियोतल्या मित्रांचे आकडे घेऊन इकडे येऊ नका.

मृद्गंध

अजून एक, भाडं आसपासच्या घरांपेक्षा बरंच कमी दिसलं तर करार 'तेइकी' आहे का बघा. साध्या करारात मालकाला सबळ कारणाशिवाय नूतनीकरण नाकारता येत नाही, कायदा भाडेकरूच्या बाजूने भक्कम उभा आहे. तेइकी करार मात्र मुदत संपली की संपतो. दोन वर्षांनी पुन्हा हेच सगळं करायची तयारी असेल तरच घ्या.

आणि गॅस शहराच्या वाहिनीचा आहे की सिलिंडरचा, तेही. सिलिंडरचं बिल हिवाळ्यात चांगलंच जास्त येतं.

निळीशाई

जमलं तर जानेवारी ते मार्च टाळा. १ एप्रिलला इथे शाळा, कॉलेज, नोकऱ्या सगळं एकदम सुरू होतं आणि त्या आधीच्या महिन्यांत घरांसाठी झुंबड असते. तेव्हा मालकाला पर्याय भरपूर असतात, भाव करायला जागा उरत नाही.

केतकीपान

थोडं कळवते. सेइशिनचोतल्या यूआरच्या एका घरासाठी अर्ज केला, मंजूर झाला. चौथा मजला, लिफ्ट नाही, पण दोन खोल्या दक्षिणेकडे आहेत. बघायला गेले तेव्हा फोनवर तो होता. त्याने मला गॅलरीत बराच वेळ उभं करून ठेवलं, नुसतं बघत. नकाशा बघितला, तपासणीचा निकाल बघितला, दोन्ही ठीक. मला स्टेशनपर्यंत बरंच चालावं लागेल, ते मी आनंदाने चालेन. यूआरच्या कार्यालयातल्या बाईंनी कागद बघितले, दाखला बघितला, वास्तव्यपत्र बघितलं आणि पुढच्या पायऱ्या सांगायला लागल्या. कुणाला फोन नाही, कुणाची माफी नाही. मला तिथेच भरून आलं.

खाजगीत निळीशाईंच्या सल्ल्याप्रमाणे पान करून दिलं होतं, तिथेही एका घराला होकार आला. म्हणजे ते पान उपयोगी आहे, नव्याने येणाऱ्यांनी नक्की करा. पण ते घर उत्तरेकडचं होतं.

आता चाव्या मिळाल्या की आधी काय करायचं?

तोझाई

अभिनंदन! शेजारी झालात.

सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचे फोटो काढा. प्रत्येक भिंत, जमिनीवरचा प्रत्येक ओरखडा, नळाखालची जागा, खिडक्यांच्या चौकटी. तारीख दिसेल असे. घर सोडताना दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा याची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं १९९८ पासून आहेत आणि २०२० मध्ये नागरी कायद्यातही आलं की रोजच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. भिंतीच्या कागदाची किंमत सहा वर्षांत १ येनवर आलेली धरतात. तेव्हा आत शिरतानाचे फोटो हाच तुमचा पुरावा.

गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस घरी येतो आणि तेव्हा कुणीतरी हजर असावं लागतं. तुम्ही एकट्या आहात, म्हणून राहायला जायच्या आधीच वेळ ठरवा, नाहीतर पहिली रात्र थंड पाण्यावर. दिवे, पडदे, शेगडी यातलं काही घरात नसेल असं धरूनच चला. पडदे पहिल्या दिवशी लागतात, त्यांची मापं घर बघतानाच घेतली नसतील तर चाव्या घेतानाच घ्या.

दूरदेशी

आणि पत्ता. नव्या घरात गेल्यापासून १४ दिवसांच्या आत कुयाकुशोत नोंदवायचा. तुमच्या वास्तव्यपत्राच्या मागच्या बाजूला तिथेच लिहून देतात. नवरा विमानतळावर उतरला की त्याचं वास्तव्यपत्र हानेदा किंवा नारितालाच मिळेल, मग त्याचेही १४ दिवस वेगळे मोजायचे. लग्नाचा दाखला आणि त्याचं जपानी भाषांतर सोबत न्या. कुटुंब म्हणून एकत्र नोंद करताना नातं दाखवणारा कागद मागतात.

रानवाटा

धागा वाचतेय, आमचंही पुढच्या वर्षी ठरतंय. आमच्याकडे मांजर आहे. यूआरमध्ये चालतं का?

निळीशाई

बहुतेक ठिकाणी नाही. पाळीव प्राण्यांना परवानगी असलेल्या यूआरच्या काही मोजक्या इमारती आहेत, त्यांची यादी वेगळी असते. खाजगीत चालतं तिथे बहुतेकदा एक महिन्याची अनामत जास्त मागतात. पण रानवाटा, घराआधी मांजराची तयारी सुरू करा. रेबीजची लस दोनदा, मग रक्ततपासणी, आणि त्यानंतर १८० दिवस थांबावं लागतं, तरच इथे उतरल्यावर तिला लांबचं विलगीकरण टळतं. लस देण्याआधी चिप बसवलेली असली पाहिजे, हा क्रम चुकवू नका.